पहिला हुकूम

असईची लढाई मराठे हरले, हे रिटायर सुभेदार रायभानला एकशे नव्व्याण्णव वर्षांनंतरही पटत नव्हतं. २००२ चा पोळा झाल्यावर त्यानं मारुतीपुढं वाळूत नकाशा मांडला. खेळणा नदी रांगोळीची, तोफा वाळल्या मिरच्यांच्या. असई गाव भावजय गोपिकाबाईनं, फौजेतल्या कैलासच्या आईनं, चिखलाच्या गोळ्यांचं केलं. आपलं घर तिनं वेशीजवळ बराबर ठेवलं.

"आता फौजेत आधी सगळं कागदावर ठरतं," रायभान म्हणाला. "दुश्मन कुठून येणार, किती वेळात येणार, तोफेपुढं आडवं काय. इथं आडवं येतंय आपलंच गाव. मंग पहिला हुकूम, गाव खाली करा." त्यानं तळहातानं सगळे गोळे एका बाजूला सारले.

घंटाभरात इंग्रज नदीतच संपले. पारावरच्या लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"भाऊजी," गोपिकाबाईनं विचारलं, "गाव खाली करायला टाइम किती देतेत?"

"अर्धा घंटा. लई झाला."

ती सारलेल्या चिखलात आपलं घर शोधत बसली.

"आपला कैलास बॉर्डरवरून लिव्हतो, एका रिकाम्या गावात मुक्काम हाय, घर आयतं मिळालं, तवा बी चुलीवरच सापडला. चार महिने झाले, मी एकच इचार करून राह्यले, भाऊजी. तवा टाकून कोणती बाई जाती?"