चौदा दिवसांच्या गोळ्या

रुक्माच्या पोटात लिम्फोमा नावाचा कॅन्सर निघाला, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. "पोटातल्या जंतूंमुळे वाढलाय. जंतू मेले, की बहुतेक तोही विरेल," ते म्हणाले. तिच्या भावाला, डोमनलालला, पटलं नाही. नुसत्या गोळ्यांवर घरी धाडलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हे त्याच्या गावाला, अख्ख्या गोरेगावला, ठाऊक होतं. लेकीच्या प्रेतावर शेवटचं लुगडं माहेरचंच पडतं. त्याने बाजारातून हिरवं लुगडं आणून धानाच्या कोठीत लपवलं. सहा महिन्यांनी दुर्बिणीने पाहिलं, तर पोट स्वच्छ! रुक्मा थेट माहेरी उतरली. "भाऊ, माह्यासाठी लुगडं आणलं ना तू? वयनीनं सांगितलं. काढ, कायले लाजून राहिला?" मान खाली घालून त्याने काढून दिलं. दाणे झटकून तिने ते उलगडलं. "रंग मस्त आहे. मेल्यावर मले कुठं दिसला असता?"