गाऱ्हाण्यातलं एक वाक्य

"काका, गाऱ्हाण्यात एवढं एक वाक्य घाला," बाळाभाऊ रामचंद्रच्या कानाशी वाकून म्हणाला. "जानकीवहिनीने खुशीने आपली खोली मंडळाला दिली, असं. बस्स. पुढचं मी बघतो."

सत्यनारायणाची आरती नुकतीच संपली होती. बोरीवलीतली ही सगळी चाळ कोकणातली. आरतीनंतर सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मागून गाऱ्हाणं घातल्याशिवाय शिऱ्याला कोणी हात लावत नसे, आणि ते घालायचं रामचंद्रनेच. का, तर या माणसाच्या तोंडून खोटं निघालेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. संपात गिरणी गेली, अंगावरचा सदरा विरला, पण हा मान तेवढा शाबूत राहिला.

बाळाभाऊचं तसं नव्हतं. त्याचं वजन वेगळं. नळ त्याने आणला, संडास त्याने बांधून घेतले, वॉर्ड ऑफिसात शिरला की साहेब म्हणे खुर्चीतून उठतो. आता त्याला विधवा जानकीची कोपऱ्यातली खोली हवी होती. 'मंडळ कार्यालय' असा बोर्डसुद्धा रंगवून आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीला टेकवलेला. कागद काय, तो हवे तसे करून आणील. पण देवासमोर चाळीने 'होय महाराजा' म्हटलं, की मग नंतर तोंड उघडायला कोणाला जागाच राहत नाही. हे बाळाभाऊला पक्कं ठाऊक. तोही मालवणचाच ना!

"आणि सोमवारी तुमच्या चंदूला माझ्याबरोबर पाठवा," सफारीची कॉलर नीट करत तो म्हणाला. "साहेबाशी बोललोय. नोकरीला चिकटला समजा."

रामचंद्रच्या बायकोने, पार्वतीने ते ऐकलं. नवऱ्याचा सदरा मागून ओढून ती पुटपुटली, "अहो, पोरगा घरी बसून सुकलाय. आज शहाणपणा नको हां."

जानकी अगदी मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. 'मी कुठे हो म्हटलंय गं?' असं सकाळपासून दारोदार सांगून झालं होतं. बायका ऐकून घेत होत्या आणि भाजी चिरत होत्या. त्यांनाही नळाचं पाणी लागतंच की!

रामचंद्रने नारळ हातात घेतला. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा सत्यनारायणा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. काय चुकला माकला असात, ता पदरात घे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"बाळान आमका नळाचा पाणी दिल्यान. तेचा बरा कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आमच्या पोरांका कामधंदो दी रे महाराजा!" इथे त्याचा आवाज जरासा चिरकला.

"होय महाराजा!" पार्वती जीव तोडून म्हणाली.

रामचंद्र थांबला. नारळ त्याने या हातातून त्या हातात घेतला. बाळाभाऊने हात आणखी घट्ट जोडले. आता आपलं वाक्य येणार.

"जानकीन आपली खोली कोणाक दिलेली नाय. ती तिची आसा, तिचीच रवांदे. आणि तिच्या खोलीर कोणाचो डोळो आसात, तर तेका चांगली बुद्धी दी रे महाराजा!"

"होय महाराजा!"

चाळ दणाणली. पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेलं ते. गाऱ्हाणं थांबलं की तोंडातून 'होय' निघायचंच, विचाराला वेळ कुठला? आणि सगळ्यांत मोठा आवाज होता बाळाभाऊचा.

मग एकेक डोळा उघडला. कोणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू तिथल्या तिथे गिळलं. जानकीने पदर तोंडावर घेतला. ती रडत होती.

रामचंद्रने पायरीवर नारळ फोडला.

"गेली पोराची नोकरी," पार्वती म्हणाली.

"गेली," तो म्हणाला.

पार्वतीने त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग शिऱ्याचा पहिला द्रोण भरला आणि गर्दीतून वाट काढत जानकीला नेऊन दिला.

बाळाभाऊने बोर्ड उचलून काखेत मारला. जाता जाता तो रामचंद्रसमोर थांबला. चेहरा लाल झाला होता, पण आवाज खालचा होता.

"काका, ते माझ्या तोंडून सवयीने गेलं."

"बरी सवय आसा रे बाळा," रामचंद्र म्हणाला. "तेवढी मोडू नको."

बाळाभाऊने उजव्या काखेतला बोर्ड डाव्या काखेत घेतला आणि प्रसादासाठी उजवा हात पुढे केला.