बिनबिल्ल्याचं झाड

खालच्या ओळीतल्या एका झाडाला बिल्ला नव्हता. व्हर्ना हॅस्केलने खोड दोनदा चाचपून पाहिलं.

तिचा गांजाचा मळा परवान्याचा होता. प्रत्येक झाडाच्या खोडाला सरकारी नंबराचा निळा बिल्ला हवाच. नसेल तर ते झाड चोरटं, आणि नंबराचं झाड जागेवर नसेल तर ते चोरून विकलेलं. एक ताकीद आधीच मिळाली होती. आता काही सापडलं की परवाना जाणार, आणि तिला दुसरं काही येत नव्हतं.

हा उद्योग ऑरिनचाच. पोलिसांच्या हेलिकॉप्टरला चुकवत, चोरून गांजा पिकवत याच डोंगरात म्हातारा झालेला माणूस. त्याला कामावर ठेवलं तेव्हा सगळे तिला हसले होते. काल संध्याकाळी तो इथेच चाकू घेऊन उकिडवा बसला होता, आणि तिला पाहून झटकन उठला होता.

निरीक्षक बाई पुलापर्यंत आल्याचा फोन येऊन गेला होता. झाडं मोजत बसायला वेळ नव्हता. व्हर्नाने झाड उपटून शेळ्यांपुढे टाकलं. एरवी चाऱ्याला नाकं मुरडणाऱ्या त्या, पण बुंधासुद्धा ठेवला नाही.

ऑरिन गोठ्याबाहेर कॉफी पीत होता.

"काल संध्याकाळी खाली काय करत होतास?"

"झाडं बघत होतो. का गं?"

कसा साळसूद!

"आजपासून येऊ नकोस."

"अगं, एक काम अर्धं राहिलंय. तेवढं उरकतो, मग हाकल."

"तुझी कामं कळली मला. नीघ."

त्याने कप खाली ठेवला आणि गाडीकडे गेला. व्हर्नाला वाईट वाटलं, पण रागच जास्त होता.

निरीक्षक फॅरल बाई बिल्ल्यांचे नंबर वाचायचं यंत्र घेऊन ओळीमागून ओळ तपासत आल्या. सगळं जुळत होतं. "या वेळी चोख ठेवलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. व्हर्नाचा जीव भांड्यात पडला.

खालच्या ओळीशी पोचतात तोच ऑरिनची गाडी फाटकातून आत आली.

"ओरडू नकोस, जातोच आहे," तो व्हर्नाला म्हणाला. "अर्ध्या वाटेवर आठवलं, हा माझ्याकडेच राहिला. खोड जाड झालं होतं, बिल्ल्याची पट्टी काचत होती, म्हणून काल कापून काढली. आज सैल बांधणार होतो."

त्याच्या तळहातावर निळा बिल्ला होता. फॅरल बाईंनी त्यावर यंत्र धरलं.

"नंबर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "झाड कुठंय?"