चौथा बोल्ट

वांडा क्रूपानं टॅगार्ट सरांच्या टेबलावर आधी खसखशीचा रोल ठेवला. घरी भाजलेला, अजून कोमट. मग त्याच्या शेजारी फॉर्म ठेवला.

"रोल तुम्हाला. सही तेवढी मला," ती म्हणाली. "पाचच्या आत ऑफिसात द्यायचाय."

इंजिनिअरिंगची तोंडओळख हा कम्युनिटी कॉलेजातला पहिला विषय, आणि तो सोडायचा आज शेवटचा दिवस. आज नाही सोडला तर नापासाचा शेरा जन्माचा चिकटणार. सोडला तर पुढचं सगळंच सुटलं. दोन वर्षं इथं, मग स्टेट युनिव्हर्सिटी, मग इंजिनिअर, असा तिचा बेत होता. एक्कावन्नाव्या वर्षी कसले बेत करतेस, असं तिची बहीण म्हणायची. बहिणीचं खरं ठरतंय, हेच वांडाला जास्त लागलं होतं.

सरांनी चष्मा पुसून फॉर्म वाचला. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'हे माझ्यासारखीचं काम नाही.'

"एका पेपरात एकेचाळीस पडले म्हणून?"

"शंभरात एकेचाळीस, सर. माझ्या शेजारच्या पोरीला अठ्ठ्याण्णव. बिचारी मला इतक्या मायेनं समजावते की रडूच येतं. तुम्ही शिकवण्यात काही कमी केलं नाहीत. आमचंच भांडं गळकं, त्याला तुम्ही काय करणार?"

सरांनी पेन काही उचललं नाही. कोपऱ्यातल्या लाकडी खोक्याकडे बोट दाखवलं.

"सहीचं बघतो. तोवर त्यातला चौथा बोल्ट आवळून द्या. सकाळच्या वर्गातल्या चोवीस जणांनी हात घातला, एकालाही जमला नाही."

हे खोकं म्हणजे सरांचं खूळ. आत एक जुना पंप पक्का बसवलेला, आणि खोक्याला तळहाताएवढंच भोक. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला बसण्याआधी प्रत्येकानं त्यात हात घालायचा. पडद्यावर बोल्ट दिसतो, तो आवळणाऱ्याची बोटं दिसत नाहीत, असं सर म्हणायचे. पोरं मागे टिंगल करायची. वांडाच्या वर्गाची पाळी अजून यायची होती.

वांडानं अंगठी काढून खिशात टाकली. खोक्यावरचा पाना घेऊन डावा हात आत घातला आणि नजर खिडकीबाहेर लावली. पाना बोटभर फिरवला, काढला, उलटा केला, पुन्हा बसवला. पुन्हा फिरवला, काढला, उलटा केला. दोन मिनिटांत बोल्ट घट्ट.

"हा तर आमचाच पंप," हात पुसत ती म्हणाली. "नदीकाठच्या कारखान्यातला, जुना. बंद पडेपर्यंत एकोणीस वर्षं तिसऱ्या लाइनवर होते मी. ह्या मेल्या चौथ्या बोल्टानं आम्हा अकरा बायांची बोटं सोलून काढली. हे बघा." तिच्या मधल्या बोटाच्या पेरावर पांढरा व्रण होता.

"मग तक्रार नाही केलीत?"

"तक्रार कसली? ड्रॉइंगवरच लाल पेन्सिलीनं लिहिलं आणि वर पाठवून दिलं. फोरमननं लेखी समज दिली मला." वांडा हसली. "पण पुढच्या उन्हाळ्यात नवे पंप आले ना, त्यात बोल्ट दोन बोटं अलीकडे सरकलेला. हात सरळ आत जायला लागला. वर कुणीतरी वाचलं असणार. कोण ते कधी कळलं नाही. त्या रविवारी चर्चमध्ये मी त्याच्या नावानं मेणबत्ती लावली, म्हणजे नाव माहीत नसताना. आजही वाटतं, जिथं असेल तिथं सुखात असो."

सरांनी खण उघडला आणि प्लास्टिकच्या पाकिटातला एक पिवळा पडलेला कागद तिच्यासमोर ठेवला.

"दर सत्राच्या पहिल्या तासाला हा वाचून दाखवतो मी. बावीस वर्षं झाली. तुम्ही आठवडाभर उशिरा आलात, म्हणून तुमचा चुकला."

पंपाचं ड्रॉइंग होतं. त्यावर आडवी, रागावलेली लाल अक्षरं होती: 'तपासलं म्हणून ज्यानं सही केलीय, त्यानं खाली यावं आणि हा बोल्ट आवळून दाखवावा. लाइन तीन.'

स्वतःचं अक्षर ओळखायला वांडाला वेळ लागला नाही. मग तिची नजर खालच्या कोपऱ्यात गेली. 'तपासलं' असं छापलेल्या चौकोनात सही होती. तेव्हा नुसती गिचमीड वाटलेली, आज वाचता आली: ओ. टॅगार्ट.

"जेवणाच्या सुट्टीत गेलो होतो खाली," सर म्हणाले. "कुणी बघत नाही असं पाहून. अर्धा तास झटलो. बोल्ट हलला नाही, बोटं मात्र सोलवटली. त्या दिवशी कुठं मी इंजिनिअर झालो. कुणामुळे, ते आत्ता कळतंय."

वांडानं रोल त्यांच्याकडे जरा सरकवला. घड्याळात पाचला दहा कमी होते.

"फॉर्म, सर," ती कशीबशी म्हणाली.

सरांनी फॉर्म उचलला, कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तो तसाच, सही न करता, तिच्या हातात परत दिला.

"हे चूक आहे, मिसेस क्रूपा. चुकीच्या कागदावर मी एकदाच सही केली होती. तेव्हा तुम्ही मला सोडलं नव्हतं."