पाड्यात उतरलेली काळीपिवळी

सप्तशृंगीची आण घेऊन सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा.

दोन हजार दोन-तीन सालची गोष्ट. पेठकडच्या एका पाड्यातल्या चिमणाबाईनं कळा देणाऱ्या सुनेला डोलीत घालून डांबरीच्या चढावर आणलं आणि किशोरच्या काळीपिवळीला हात केला. किशोर खिडकीतूनच म्हणाला, "चार टाळक्यांचा तुमचा पाडा. त्यासाठी जीप माघारी पेठला वळवू? परवडत नाय, बाई." सून तिथंच रस्त्याच्या कडेला बाळंत झाली. चिमणाबाईनं विळ्यानं नाळ कापली आणि किशोरचं तोंड लक्षात ठेवलं.

महिन्याभरात त्याच चढावर त्याची जीप बंद पडली.

"मावशे, धक्का द्यायला चार माणसं बोलाव ना."

"चारच तर हायेत आमच्यात, दादा," म्हणत तिनं अख्खा पाडा गोळा केला. द्राक्षाच्या कामावरून परतलेले गडी, म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे पुढच्या बाजूनं असे भिडले की जीप किशोरसकट उतारानं घरंगळत थेट चिमणाबाईच्या अंगणात जाऊन बसली. वर न्यायला रस्ताच नव्हता. कोंबड्या सीटवर अंडी घालायला लागल्या, तेव्हा कुठं किशोरनं जेसीबी आणून पदरमोड करून पाड्यापासून डांबरीपर्यंत रस्ता काढला. आता पाड्यात रोज गाडी येते.



जीप बंद पडली, एवढं एकच रचून सांगितलं; ती काही आपोआप बंद पडली नव्हती. किशोर टपरीवर चहा पीत होता, तेव्हा चिमणाबाईनं डिझेलच्या टाकीत तांब्याभर नागलीची आंबील ओतली होती.