तात्यांची अकरा पावलं

पार्किन्सनमुळे माझ्या वडिलांचे, तात्यांचे, पाय चालता चालता जागीच अडायचे. नाशिकरोडच्या डॉक्टरांनी सुचवलं, ओळखीचा ठेका ऐकवून बघा. मी मोबाइलवर ढोलकी लावली आणि तात्या सोसायटीच्या आवारात सलग अकरा पावलं चालले.

फक्त ती चाल बाईची होती. चांदवडकडच्या एका तमाशात त्यांनी वीस वर्षं बाईची कामं केली होती. कंबर तशीच लचकत होती, हात खांद्यावर नसलेला पदर सावरत होता.

"तात्या, गडीमाणसासारखं चाला की. सगळे गॅलरीत येऊन बघतायत," दादा म्हणाला.

तात्यांनी तसं चालून पाहिलं. दुसऱ्याच पावलाला ते पडले.

रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. तात्यांनी सकाळीच व्हीलचेअर मागून घेतली.

"संजे, आज ते ढोलकीचं लावू नको. कुणी विचारलं तर सांग, आमच्या बापाला चालताच येत नाय."



मी तसंच सांगितलं.