बॅटरीवरची लाल खूण

"येताना वाजत होता," फौजदार तिसऱ्यांदा म्हणाले. "तू बॅटरी बदललीस आणि बंद पडला. आतले दिवे काढून कुणाला दिलेस?"

आकारामनं मोटारीच्या रेडिओवरून हात काढला. "सायेब, पेटीचा एक स्क्रूबी मी ढिला केला न्हाई."

गाडी साताऱ्याच्या मोठ्या साहेबांची होती. रेडिओच्या काचेच्या दिव्यांना तेव्हा सोन्याचा भाव होता, कारण बेचाळीसनंतर भूमिगत झालेल्या पोरांना चोरट्या रेडिओ केंद्रासाठी ते हवे असत. त्या संशयावरून दोनच महिन्यांपूर्वी एका दुकानदाराला आत टाकलं होतं, आणि तो अजून आतच होता.

"साहेब पाचच्या बातम्या गाडीत बसून ऐकतात," फौजदार म्हणाले. "मी तीनला रहिमतपूर सोडणार. तोवर वाजला तर ठीक. नाहीतर तूही मागच्या सीटवर."

हवालदार कृष्णात बेड्या मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला होता. तो आकारामच्याच वयाचा होता, त्यामुळे त्याच्याकडे बघायचं टाळत होता.

आकारामला तुरुंगाची भीती वाटत होतीच. ती वाटत नाही म्हणणारा एक तर खोटारडा असतो, नाहीतर आत जाऊन आलेला. पण त्याचा जीव अडकला होता मागच्या खोल्यांमध्ये, धाकट्या बहिणीपाशी. अंजनाचा नवरा सिद्धू भूमिगत होता, त्याच्यावर इनाम लागलं होतं. गेल्या श्रावणात कृष्णेच्या पुरात तो गेला. चार दिवसांनी प्रेत काठाला लागलं तेव्हा चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. दंडातल्या ताइतावरून अंजनानं ओळख पटवली आणि तिथंच अंग टाकलं. पंचनामा याच फौजदारांनी केला होता. तेव्हापासून मोकळ्या कपाळानं ती भावाच्या घरी राहत होती. घरात ही दोघंच. आकाराम गेला तर तिला कोण होतं?

त्यानं फ्यूज काढून पाहिला. चांगला होता. एरियलची तार पाहिली. तीही धड होती. बटण फिरवल्यावर आकड्यांची पट्टी उजळली. आतले दिवे तापायला मिनिटभर लागतं, म्हणून तो थांबला. पेटीत बारीक गुणगुण सुरू झाली, पण आवाज काही येईना.

"अडीच," फौजदार म्हणाले.

अंजना पाणी घेऊन आली. उजवा हात पदराखाली होता. तिनं पेला डाव्या हातानं पुढे ठेवला. फौजदारांच्या कपाळाला आठी पडली, पण दुःखातली बाई म्हणून त्यांनी सोडून दिलं.

"बाई, भावाला सांगा खरं बोल म्हणून."

"आमच्या घरात कुनी खोटं बोलत न्हाई सायेब," अंजना म्हणाली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली.

आकाराम पुन्हा पेटीकडे वळला. इंजिन तर चालू होतंय. मग रेडिओनंच काय घोडं मारलंय? त्यानं उगाच गाडीचे मोठे दिवे लावून पाहिले. तेही लख्ख लागले. आणि तेवढ्यात त्याची नजर समोरच्या मीटरच्या काट्यावर गेली. दिवे लावले की वीज खर्च होते, काटा डावीकडे पडायला हवा. हा उजवीकडे गेला होता.

"आयला!" तो खाली उतरला. "सायेब, बॅटरी उलटी जोडलीया मी! इंजनाला, दिव्यांना चालतंय उलटं. रेडिओला चालत न्हाई."

त्यानं बॉनेट उघडलं. सकाळी तारेची एक पकड बॅटरीच्या टोकावर बसेना म्हणून त्यानं ती ठोकून बसवली होती, दुसरी ढिली होती म्हणून पत्रा घातला होता. अधिकचं टोक जाड असतं, तेव्हाच कळायला हवं होतं. पण पाठीवर फौजदार उभे असताना डोकं कुठं चालतं!

त्यानं तारांची अदलाबदल केली. बटण फिरवलं. पुन्हा ते मिनिट. कृष्णातनं मनातल्या मनात कुठल्यातरी देवाला हात जोडले असावेत, कारण त्याचे ओठ हलत होते.

आधी खरखर झाली. मग सतार वाजू लागली.

आकाराम गाडीच्या पायरीवर बसला. त्याला हसूही येत होतं आणि रडूही. कृष्णातनं बेड्या घाईघाईनं पिशवीत टाकल्या. फौजदारसुद्धा हसले.

"एवढा जुना मिस्त्री तू, उलटी जोडलीस कशी?"

"सांगलीचा दुकानदार अधिकच्या टोकाला लाल रंग लावून धाडतो. मी लाल बघितलं अन् जोडलं."

"म्हणजे त्यानं चुकीच्या टोकाला लावला. मुद्दाम लावला असेल. बघतो त्याच्याकडे."

आकाराम दचकला. एक दुकानदार आत होताच. "न्हाई न्हाई सायेब, त्याचा काय दोष न्हाई. ह्यो रंगच न्हवं." त्यानं बोट पुढे केलं. "बघा, पुसलं तर हाताला लागतंय. कुकू हाय. दुकानदार ह्या खेपेला रंग लावायचा इसरला. काल मीच खोक्यातनं काढून आत सोप्यात ठिवली, तवा कोरी हुती. आमच्यात नवी वस्तू कुकू लावल्याबिगर वापरत न्हाईत."

"असं होय! तू लावलंस?"

"मी कशाला? त्ये बायकांचं..."

आकारामची नजर बहिणीच्या मोकळ्या कपाळाकडे गेली.

फौजदारांनी हात लांबवून रेडिओ बंद केला. दारातल्या अंजनानं उजवा हात पदराखाली आणखी आत ओढला. फौजदारांनी पेल्यातलं पाणी सावकाश जमिनीवर ओतलं आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला.

"बाई, आणखी थोडं पाणी द्या. आता उजव्या हातानं," ते मऊ आवाजात म्हणाले. "आणि सांगा, आपण जाळलं ते प्रेत कुणाचं होतं?"